छान म्हणजे कसं

राजमा अगदी हवा तसा शिजला होता. पांढरा, टपोरा, चिमटीत धरला की लोण्यासारखा पसरणारा. तेवढं कळायला नाक लागत नाही. ताईने तो चाळणीत उपसला, खालच्या पातेल्यात पडलेलं पाणी राखून ठेवलं आणि मिक्सरचं भांडं पुढे ओढलं. इथवर सगळं सरळ होतं. यापुढचं मात्र तिला नकोसं झालं होतं.

ताई हे नाव तिला कँटीनने दिलं होतं. एका मोठ्या ऑफिसच्या तळमजल्यावर कँटीन होतं, तिथे ती मुख्य स्वयंपाकीण. मोठ्या साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला ताई म्हणत. पुढे ते नाव तिच्या मागोमाग घरी आलं आणि नवरा सोडला तर शेजारपाजारही तेच म्हणू लागला.

थंडीत तिला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी तिला वाटलं नाक चोंदलंय, होईल मोकळं. मग नाक मोकळं झालं, श्वास खळाळून येऊ लागला, आणि वास मात्र कशाचाच येईना. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, रस्ता साफ आहे, आतली नस दमली आहे. येईल परत, कदाचित नाहीही येणार. वाट पाहा, एवढंच औषध त्यांनी दिलं. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू कळत होतं. मिरची झोंबत होती, आल्याचा चटका बसत होता. त्यापलीकडे सगळं ओला पुठ्ठा चावल्यासारखं. कांदा तांबूस झाला की ज्या वासाने तिचे हात आपोआप पुढचं काम धरायचे, तो वासच गेला होता. आता कांद्याकडे टक लावून बसायचं.

घरच्यांना तिने हे सांगितलं होतं. कँटीनमध्ये मात्र तोंडात मिठाची गुळणी धरली होती. वास न येणाऱ्या बाईला चुलीपुढे कोण उभं करेल? तिथे ती हाताखालच्या बाईला चमचा पुढे करून विचारायची, "बघ गं, कसं वाटतंय," आणि ती जे म्हणेल त्यावर चालवून न्यायची. घरी तर हात ठरलेलाच होता. किती मीठ, किती वेळ, किती आच, हे हाताला पाठ. रोज जेवताना ती विचारायची, "कसं झालंय?" रोज उत्तर यायचं, "छान." त्यामुळे मनातल्या मनात तिला थोडा गर्वही झाला होता. नाक गेलं तरी हात गेलेला नाही, असं तिने स्वतःलाच पटवून दिलं होतं.

अशात नणंदेचा फोन आला. नणंद भूमापन खात्यात होती. जमीन मोजायला महिनोन्महिने कुठल्या कुठे जायची, तंबूत राहायची, डब्यातलं खायची. "रविवारी येते गं वहिनी," ती म्हणाली, "मला बाकी काही नको. तुझं ते राजम्याचं डिप तेवढं कर."

ते डिप ताईचंच. एकदा ऑफिसात पूर्वेकडच्या देशांतले पाहुणे आले होते. त्यांना घरच्यासारखं काहीतरी मिळावं म्हणून तिने हाताशी होतं त्यातून जुळवाजुळव केली. शिजवलेला राजमा, परतलेला लसूण, किसलेलं आलं, सोया सॉस, लिंबू, आणि शेवटी भाजलेल्या तिळाचं ते काळपट तेल. सगळं एकत्र फिरवायचं, वर पातीचा कांदा. पाहुण्यांनी पावाला लावून चाटूनपुसून खाल्लं आणि जाताना सांगून गेले की असं काही आमच्याकडे नसतं, पण फार मजेदार आहे. ऑफिसवाले ते विसरले. घरी मात्र ते नणंदेच्या नावाने कायमचं ठरून गेलं.

तर रविवार होता. तिचा नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर उघडून बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची सुट्टी म्हणजे कुठेतरी कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकेपर्यंत. ताईने मिक्सर फिरवला, झाकण काढलं, चमचाभर घोटलेला राजमा त्याच्यापुढे धरला.

"जरा बघा."

त्याने पेपरातून नजर न काढता चमचा चाटला. "छान."

"छान म्हणजे कसं?"

"छान म्हणजे... छान. बरं झालंय."

"लसूण कच्चट लागतोय का?"

"लसूण आहे."

"आहे ते मलाही ठाऊक आहे. मीच घातलाय. पुढे येतोय का मागे राहतोय, ते सांगा."

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. त्याने मनापासून विचार केला, हे तिला दिसलं. "मध्ये आहे," तो म्हणाला.

ताईने ओठ घट्ट मिटले, मिक्सरमध्ये लिंबू पिळलं, सोया सॉसची धार धरली, पुन्हा फिरवलं. जिभेवर ठेवून बघितलं. आंबट ठीक, खारट ठीक, आलं चरचरतंय. बाकी पुठ्ठा. तिने वरच्या फळीवरची तेलाची बाटली काढली, चमचाभर तेल घातलं, जरा विचार करून आणखी अर्धा चमचा घातलं, कारण या डिपचा जीव त्या तेलात. पुन्हा चमचा पुढे केला.

"आता?"

"आता पण छान."

"मघापेक्षा?"

"मघाशीही छानच होतं की."

"अहो, मी तुम्हाला लिफ्टबद्दल विचारलं आणि तुम्ही म्हणालात की लिफ्ट छान आहे, तर चालेल का? आवाज कुठून येतोय, दोर घासतोय का, दार कुठे अडतंय, असंच बघता ना तुम्ही?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"तिथे काहीतरी बिघडलेलं असतं," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर पुन्हा पेपर उघडून बसला.

एवढ्यात सासूबाई वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून खाली आल्या. कपड्यांचा गठ्ठा खुर्चीवर टाकून त्या मिक्सरपाशी आल्या, बोट बुडवून चाटलं. ताई त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. आजकाल ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची. स्वतःला जे कळत नाही ते दुसऱ्याच्या तोंडावरून वाचायची सवय लागली होती. सासूबाईंच्या नाकपुड्या आक्रसल्या, वरचा ओठ एका बाजूला गेला, आणि लगेच सगळं जिथल्या तिथे आलं.

"छान आहे की," त्या म्हणाल्या.

"काय झालं, आई?"

"कुठे काय."

"तुम्ही तोंड वाकडं केलंत."

"आंबट लागलं जरा. दात आंबले."

"आंबट मला कळतं. आंबट बेताचं आहे." ताईने चमचा बाजूला ठेवला. सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. लेकाने पेपर जरा वर उचलला. त्या एका नजरेने ताईच्या नाकाला मिरची झोंबली. "काय आहे ते सांगा. कुणीतरी एकाने सांगा."

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या. उशीचा अभ्रा चौपदरी केला, उलगडला, पुन्हा केला.

"तेल," त्या अखेर म्हणाल्या. "तेल खवट झालंय, बाई."

ताईने बाटली हातात घेतली. उघडून नाकाशी धरली. सवयीने धरली, आणि धरल्यावर स्वतःचाच राग आला. काहीच नाही. पाणी हुंगावं तसं.

"केव्हापासून?"

"आता केव्हापासून काय सांगू."

"गेल्या महिन्यात मी ह्याच तेलात कोबी परतला होता," ताई म्हणाली. "दोघं जेवलात. मी विचारलं होतं."

सासूबाईंनी अभ्र्यावरची सुरकुती हाताने सपाट केली.

"अहो, पेपर खाली ठेवा. कोबी कसा झाला होता?"

"खाण्यासारखा होता," नवरा म्हणाला.

मग एकेक बाहेर पडू लागलं, तिने ओढून ओढून काढलं तसं. एकदा दूध लागलं होतं आणि तिने त्याच दुधाची खीर केली होती. कितीदा तरी रश्शात मसाला कच्चा राहिला होता. एकदा फ्रिजमधलं सूप उतरलेलं होतं आणि तिने ते गरम करून वाढलं, ते त्यांनी तिची पाठ वळल्यावर सिंकमध्ये ओतलं. नवरा डब्यातलं जेवण कामावर लिंबू पिळून, वर लोणचं घेऊन ढकलत होता. आणि ती कामाला गेली की सासूबाई उभ्या राहून सकाळची भाजी पुन्हा चढवत, त्यात कांदा परतून घालत, नीट करत. म्हणून त्यांचे गुडघे सुजत होते. ताई दर आठवड्याला त्यांच्या गुडघ्यांना मलम चोळून देत होती आणि विचारत होती, तुम्ही दिवसभर बसूनच असता, मग हे दुखतात कशाने.

"तुला वाईट वाटेल म्हणून," नवरा म्हणाला.

"आणि आता काय वाटतंय असं वाटतं तुम्हाला?"

त्याने पेपरची घडी केली.

"माझा वास गेलाय. अक्कल जागेवर आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि म्हणूनच सासूबाईंनी घड्या घालणं थांबवलं. "एकदा कुणी म्हणालं असतं की तेल फेक, तर मी फेकलं असतं. मसाला आणखी परत म्हणालं असतं तर परतला असता. तुम्ही दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत. मी रोज विचारत होते आणि तुम्ही रोज मला बाळासारखं टाळ्या वाजवून दाखवत होतात."

"अगं, पहिल्या वेळी नाही सांगवलं," सासूबाई म्हणाल्या. "तू तापातून उठलेली, त्यात रडवेली. मग दुसऱ्या वेळी सांगायचं तर पहिल्या वेळी का नाही सांगितलं ते आलं. मग राहूनच गेलं. आम्हाला तरी काय, रोज गोड लागत होतं का ते?"

हे शेवटचं वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं. पण ते बोलून झालं होतं. ताईला हसू येण्यासारखं होतं ते, आणि एरवी ती हसलीही असती. तिने मिक्सरचं भांडं उचललं, सगळं डिप खरवडून कचऱ्याच्या बादलीत टाकलं, तेलाची बाटली त्यावर उपडी केली आणि बादली दाराबाहेर नेऊन ठेवली.

तिला वाटलं, नणंदेला फोन करून सांगावं, येऊ नकोस. पण ती बसमध्ये बसलेली. आणि कँटीनच्या हाताला थोडं शिजवता येत नाही, त्यामुळे चाळणीत अजून निम्मा राजमा तसाच होता. पांढराशुभ्र, तिची वाट बघत असल्यासारखा. त्याच्याकडे बघून तिचा आणखीच जळफळाट झाला.

"तेल नाही आता," ती म्हणाली. "घरात तीळ आहेत. तीळ भाजून साध्या तेलात वाटते. इकडे या."

"मी?" नवरा म्हणाला.

"तुम्हीच. नाक आहे ना तुम्हाला? कढईपाशी उभं राहायचं आणि वास काय येतोय ते बोलत राहायचं. छान म्हणायचं नाही."

तो येऊन उभा राहिला, शाळेत फळ्यापाशी बोलावल्यासारखा. ताईने मंद आचेवर कढई ठेवली, तीळ टाकले, उलथनं त्याच्या हातात दिलं आणि स्वतः पाठमोरी होऊन लसूण सोलायला लागली.

"काय येतोय?"

"अजून काही नाही."

तीळ तडतडू लागले. "आता?"

"आता येतोय काहीतरी."

"काय?"

"म्हणजे... थांब हं. म्हणजे असा... कसा सांगू..."

ताईने मान वळवली. कढईतले तीळ चॉकलेटी होऊन काळ्याकडे चालले होते. तिने उलथनं हिसकावून गॅस बंद केला. "हा करपल्याचा वास येत नव्हता तुम्हाला?"

"येत होता ना. मोटरचं वाइंडिंग तापल्यावर येतो ना, तसला. पण ते स्वयंपाकात कसं सांगायचं, म्हणून विचार करत होतो."

"वाइंडिंग म्हणायचं. मला कळलं असतं. वाइंडिंग जळाल्यावर काय होतं ते मला माहीत आहे, इतकी वर्षं ऐकतेय. हे सुचायला करपेपर्यंत थांबलात?"

"बरं," तो म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिला त्याची जराशी कीव आली आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या खेपेला ती स्वतः हलवत होती आणि तो नाक पुढे काढून उभा. "कोरा आहे," तो म्हणाला. "अजून कोराच. आता सुतारकाम चालू असल्यासारखा. रंधा मारलेल्या लाकडाचा. आता... आता शेंगदाण्यांच्या जवळ आलाय. थांब. काढ आता."

ताईला ते तीळ फिके दिसत होते. तिच्या अंदाजाने अजून जरा हवे होते. पण तिने अंदाजाचं ऐकलं नाही, ताटलीत काढले. ते फार अवघड गेलं. आयुष्यभर आपल्या हाताने केलेली गोष्ट, आणि आता ज्याला जिरं कुठल्या डब्यात असतं ते सापडत नाही त्या माणसाने थांब म्हटलं की थांबायचं.

लसूण परतताना तो म्हणाला, "नाकात घुसतोय." ती परतत राहिली. मग म्हणाला, "आता घुसत नाही, नुसता दारात उभा आहे." तिने लसूण काढला. तीळ वाटले, राजमा, आलं, लसूण, राखून ठेवलेलं थोडं पाणी, लिंबू, सोया सॉस. मिक्सर फिरला. सासूबाई आपणहून आल्या, बोट बुडवलं, आणि या खेपेला वाट न बघता म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे," ताई म्हणाली.

"कमी आहे. तूच म्हणालीस खरं सांगा."

"खारट-आंबट मला कळतं, आई. तेवढं माझ्याकडे राहू द्या. तुम्ही मिठाशिवाय काय खाता, ब्लडप्रेशर आहे तुम्हाला."

"आता सांगितलं तरी दोष माझाच," सासूबाई पुटपुटल्या आणि घड्या घातलेले कपडे उचलून आत गेल्या.

दुपारी नणंद आली. उन्हाने रापलेली, बुटांना वाळलेला चिखल, पाठीवर मोजणीचं कसलंसं तीन पायांचं तिकाटणं बांधलेलं. हातपाय धुऊन तिने पाव तोडला, डिप भरपूर लावलं आणि तोंडात घातला. टेबलाभोवतीचे तिघं तिच्याकडे बघत होते. तिने चावणं हळू केलं.

"काय झालं? असं काय बघताय?"

"कसं आहे?" ताईने विचारलं.

"वेगळं लागतंय."

"छान आहे की," नवरा घाईने म्हणाला, आणि ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"वेगळं म्हणजे कसं? नीट सांग," ताई म्हणाली. मग तिने सगळं सांगून टाकलं, तेलासकट, कोबीसकट. नणंदेला तापाचं माहीत होतं, बाकी काही नव्हतं. ती ऐकत राहिली. मग पावाचा आणखी एक तुकडा तोडून लावला आणि डोळे मिटून खाल्ला, मोजमाप घेत असल्यासारखं.

"खरं सांगू का, वहिनी? आधीचं जास्त चांगलं होतं. त्यात शेवटी एक धुरकट काहीतरी यायचं, गिळल्यावरही मागे राहायचं. ते यात नाही. हे सौम्य आहे. वाईट नाही, पण ते नाही."

"बरं," ताई म्हणाली.

"पण मी खाईन हं. मला भूक लागली आहे."

तिने खाल्लंही, वाटी पुसून. ताई रिकामं तांब्या-भांडं घेऊन स्वयंपाकघरात आली आणि नळ सोडून उभी राहिली. सकाळपासून जे मागत होती ते तिला मिळालं होतं, आडपडदा न ठेवता, आणि ते अजिबात बरं वाटत नव्हतं. नणंद खरं बोलली की चुकतेय, हेसुद्धा तिला स्वतः चाखून ठरवता येत नव्हतं. कुणी छान म्हटलं तरी ते कुणाचं तरी म्हणणं, आणि कुणी नाही म्हटलं तरी तेही कुणाचं तरीच. तांब्या भरून वाहायला लागला तेव्हा तिने नळ बंद केला.

मागे नवरा येऊन उभा होता. त्याला काही बोलायचं होतं, ते त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"काल डबा," तो म्हणाला. "वांगं जरा जळकट होतं."

"बरं."

"आणि परवाचा भात चांगला होता. खरंच चांगला. हे असंच नाही सांगत."

"पुरे आता," ताई म्हणाली. "एका दिवसात सगळं नका सांगू."

सोमवारी ती कँटीनमध्ये लवकर पोहोचली. तिच्या हाताखालची बाई तिच्याआधी आलेली होती. तिला सगळे कांदेवाली म्हणत, कारण पोत्याने कांदा चिरायची आणि डोळ्यांतून टिपूस काढायची नाही. ताईने एप्रन बांधला, सुपाचं मोठं पातेलं चढवलं, कांदा परतून गाजर, मिरी, तमालपत्र घातलं, आणि धीर गळायच्या आत बोलून टाकलं. थंडीपासून वास येत नाही. कशाचाच. रोज तुला चमचा देत होते तो त्यासाठी.

कांदेवालीची सुरी थांबली.

"म्हणजे तुम्ही माझी परीक्षा नव्हता घेत?"

"कसली परीक्षा?"

"मला वाटलं तुम्ही मला तयार करताय," कांदेवाली म्हणाली. "रोज चमचा देऊन विचारता, कसं वाटतंय, काय कमी आहे. मला वाटलं पुढे चूल माझ्या हाती देणार. मी घरी सांगितलंय. माझ्या बहिणीला सांगितलंय, जावयाला सांगितलंय."

ताईने एप्रनची गाठ पुन्हा घट्ट केली. काल दिवसभर ती ज्या गोष्टीवरून घर डोक्यावर घेऊन बसली होती, तीच गोष्ट ती इथे रोज करत आली होती, आणि या बाईला तर हे कशासाठी, असं विचारायचंही सुचलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"गुरुवारी मीठ जास्त होतं तर मी मुद्दाम बोलले नाही," कांदेवाली म्हणाली. "वाटलं तुम्ही बघताय, ही समजून उमजून गप्प बसते का बोलते."

"गुरुवारचं मीठ मला कळलं होतं. मीठ मला कळतं."

"मग तुम्ही का नाही सावरलंत?"

"मला वाटलं तू काही म्हणाली नाहीस, म्हणजे माझीच जीभ चुकतेय."

कांदेवालीने पुन्हा चिरायला घेतलं. सुरी पाटावर जरा जोरात आपटत होती. ताईने तो आवाज काही वेळ ऐकला. मग ती मॅनेजरच्या खोलीत गेली आणि त्यालाही सांगितलं. मॅनेजर चहा पीत होता. त्याने लगेच कामावरून काढण्याची भाषा केली नाही, तशी त्याला हिंमतही नव्हती. पण हेही म्हणाला नाही की काळजी करू नका. "चव बघायची जबाबदारी एकाच माणसाची हवी," एवढंच तो म्हणाला, "उद्या तक्रार आली तर मी कुणाला विचारू?"

"कांदेवालीला विचारा," ताई म्हणाली. "चव ती बघेल. आणि ती बघेल तर तिला कांद्याच्या पाटावरून उठवा, चुलीपाशी उभी करा. कांद्याला दुसरं कुणी बघा."

मॅनेजरने बघू म्हटलं. त्याच्या बघूमध्ये नाही कमी होतं आणि कटकट जास्त होती. ती परत आली तेव्हा सूप उकळायला लागलं होतं आणि कांदेवाली पातेल्यापाशी उभी होती, हात पुसलेले, चेहरा अजून फुगलेला.

"बघ," ताई म्हणाली, आणि तिच्या हातात पळी दिली. "जे वाटेल ते बोल. माझं तोंड बघू नकोस."

कांदेवालीने फुंकर मारून चाखलं. पुन्हा चाखलं. आणि मग जी सुरू झाली ती थांबेचना. मिरी फार झाली, तमालपत्र कधीच काढायला हवं होतं, त्याचा कडसरपणा उतरलाय, गाजर घातलंय ते जुनं आहे, मातकट लागतंय, आणि कांदा तुम्ही जो परतलात तो कडेने करपलेला, मी कधीचीच म्हणणार होते की परतायला मला देत जा. ताईचे जबडे आवळले गेले. कांदा करपला नव्हता. कांद्याचा रंग तिने डोळ्यांत तेल घालून बघितला होता. तिच्या ओठांवर आलं होतं की तुला काय कळतं.

तिने झारा घेतला आणि सुपातून तमालपत्राचं एकेक पान काढायला लागली.

"कांदा कुठे करपला ते दाखव," ती म्हणाली.

कांदेवालीने पळीने तळ ढवळून एक काळसर तुकडा वर आणला आणि तिच्यापुढे धरला. बाहेर काउंटरचं शटर वर गेलं, ट्रे एकमेकांवर आदळले आणि पहिल्या माणसाने आतल्या बाजूला डोकावून विचारलं की आज सूप कसलं आहे.